गिअरबॉक्सचा प्लग जाम झालाय?

गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला गाडीखाली शिरलात की पहिला पाना वरच्या प्लगला लावा, खालच्या नव्हे. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सला दोन प्लग असतात. एक तळाशी, जुनं ऑइल सोडायला. दुसरा बाजूला, बराच वर, नवीन ऑइल भरायला आणि पातळी बघायला. घाईत हात जातो खालच्या प्लगकडे. तो सुटतो, काळं ऑइल डब्यात उतरतं, आणि मग लक्षात येतं की वरचा प्लग जागचा हलत नाही. आता गिअरबॉक्स रिकामा, भरायची वाट बंद, आणि गाडी अंगणात अडकलेली. तिला ओढून नेण्यावाचून इलाज राहत नाही. याउलट वरच्यापासून सुरुवात केली आणि तो नाहीच सुटला, तर काहीच बिघडत नाही. ऑइल जुनं का होईना, आत आहे. गाडी चालू करून गॅरेजपर्यंत जाता येतं.

हा क्रम जुने मिस्त्री शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगतात. घरी स्वतः काम करणाऱ्याला मात्र तो कुणी सांगितलेला नसतो, म्हणून तो इथे सगळ्यात आधी.

दुसरी गोष्ट थोडी ठामपणे सांगतो. ‘सुटतच नाही’ म्हणून गॅरेजमध्ये येणारे बरेचसे प्लग गंजाने अडकलेले नसतात. ते पहिल्या पाच मिनिटांत चुकीच्या पान्याने खराब झालेले असतात. आट्यांची आतली बाजू वर्षानुवर्षं ऑइलमध्ये भिजलेली असते. तिथे गंज धरायला फारसा वाव नाही. प्लग घट्ट होतो तो मागच्या वेळी कुणीतरी पान्याला पाइप घालून आवळला म्हणून, वायसर चेपून केसिंगला चिकटलं म्हणून, आट्यांना भरमसाट सीलंट फासलं म्हणून. बाहेरची कड आणि डोक्याभोवतीची जागा मात्र चिखल-पाण्याने गंजते. कोकण किनारपट्टीवरच्या गाड्यांत तर ते हमखास. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पोलादी प्लग आणि वर खारं पाणी, म्हणजे दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी धरणारच. अशा प्लगला जोर लागतो हे खरं. पण तो जोर प्लगच्या डोक्यावर नीट बसेल याची सोय आधी करावी लागते.

आधी ओळख

प्लग नेमका कसला आहे ते बघा. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चित्र असतं, त्यावरून जागा पक्की करा. हे कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. काही गिअरबॉक्सच्या केसिंगवर ड्रेन प्लगसारखेच दिसणारे बोल्ट असतात. त्यांच्या आत गिअर जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग आणि छोटी गोळी असते. तो बोल्ट उघडला तर ऑइल येत नाही, स्प्रिंग बाहेर येते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या मोटारींत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी असतात. तिथे इंजिन ऑइल बदलायला निघालेला माणूस गिअरबॉक्स रिकामा करून बसल्याचे प्रकार नेहमी घडतात.

डोक्याचे प्रकार मोजके आहेत. बाहेर आलेलं षटकोनी डोकं असेल तर १७, १९, २२ किंवा २४ची गोटी लागेल. डोक्यात षटकोनी खड्डा असेल तर ॲलन की. डोक्यात चौकोनी खड्डा असेल तर काही गाड्यांत अर्ध्या इंचाच्या रॅचेटचा चौकोनी दांडाच थेट त्यात बसतो. काही जुन्या जीप आणि ट्रॅक्टरांना बाहेर आलेलं चौकोनी डोकं असतं.

डोक्याइतकाच महत्त्वाचा फरक आट्यांचा. ज्या प्लगला कॉलर आणि खाली तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर आहे, त्याचे आटे सरळ असतात आणि गळती थांबवण्याचं काम वायसर करतं. ज्याला कॉलर नाही, वायसर नाही, आणि जो नळाच्या फिटिंगसारखा आत रुतत गेलेला दिसतो, त्याचे आटे निमुळते असतात. तो आट्यांच्या पाचरीनेच घट्ट बसतो. दोघांना सोडवायची रीत वेगळी आहे. वायसरवाल्या प्लगवर गंज सोडवणारा स्प्रे कितीही मारला तरी तो आट्यांपर्यंत जातच नाही, कारण वाटेत वायसर आहे. ऑइल बाहेर येऊ न देणारं वायसर स्प्रे आत कसा जाऊ देईल? तिथे फक्त कॉलरच्या कडेचा गंज सैल होतो. निमुळत्या प्लगच्या आट्यांचं तोंड मात्र बाहेरून उघडं असतं. तिथे स्प्रे खरोखर उपयोगी पडतो. आदल्या रात्री मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, मग हात लावा.

गाडी उचलताना

हे मी आडवळण म्हणून सांगत नाही, कामाचा भाग म्हणून सांगतो. जाम प्लगला लावलेला जोर गाडीलाही लागतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपून दोन फुटी दांडा ओढला की गाडी जॅकवरून घसरू शकते, आणि खाली तुमची छाती असते. जॅक फक्त उचलण्यापुरता. त्यानंतर गाडी भक्कम स्टँडवर उतरवा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, आणि आत शिरण्याआधी बाहेरून गाडीला चांगले दोन धक्के मारून बघा. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे स्टँड म्हणून कधीच वापरू नका. ते आधी इशारा न देता फुटतात. ओळखीच्या गॅरेजचा खड्डा किंवा वॉशिंग सेंटरचा रॅम्प तासभर मिळाला, तर त्याहून चांगलं काही नाही. तिथे उभं राहून, पाय रोवून जोर लावता येतो आणि गाडीही सपाट राहते. ऑइलची पातळी बघायला गाडी सपाट असावीच लागते, त्यामुळे नुसतं पुढचं टोक उचलून हे काम पूर्ण होत नाही.

पान्याच्या दांड्यावर जॅक ठेवून तो वर ढकलायची एक युक्ती अनेक जण सांगतात. करू नका. प्लग सुटला नाही तर जॅक गाडीलाच स्टँडवरून उचलतो.

स्वच्छता, आणि मग पाना

तारेचा ब्रश घ्या. प्लगचं डोकं आणि भोवतीची दोन बोटं जागा उजळ होईपर्यंत घासा. रॉकेल किंवा डिझेलने पुसा. ॲलन किंवा चौकोनी खड्ड्याचा प्लग असेल तर खरी मेहनत इथेच करायची आहे. त्या खड्ड्यात दगडासारखा घट्ट झालेला चिखल, वाळू आणि जुनं ग्रीस असतं. ते जाड सुईने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने पार तळापर्यंत कोरून काढा. बोट घालून तळाचा धातू हाताला लागतोय का ते बघा. खड्डा १० मिलिमीटर खोल आहे आणि त्यात ४ मिलिमीटर चिखल आहे, तर ॲलन फक्त वरच्या ६ मिलिमीटरवर बसते. जोर लावला की तेवढ्याच कडा चेपतात आणि पुढच्या वेळी काहीच धरत नाही. ‘ॲलन स्लिप होते’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा त्या ४ मिलिमीटरमध्ये असतं.

साफ झाल्यावर ॲलनचा बिट आत ठेवून अर्ध्या किलोच्या हातोडीने सरळ वरून चार-पाच ठोके द्या. यात दोन कामं होतात. बिट तळापर्यंत बसतो आणि प्लगला हादरा मिळून चिकटलेलं वायसर सैल व्हायला लागतं. ठोके देताना आवाज ऐका. बिट पूर्ण बसेपर्यंत आवाज बोदा येतो, बसला की तो एकदम टणक होतो. तो बदल कानाला कळला की मगच दांडा लावा.

षटकोनी डोक्याला सहा कोनी गोटी वापरा. घरच्या सेटमध्ये बहुधा बारा कोनी गोट्या असतात. त्या डोक्याला फक्त कोपऱ्यांशी धरतात, आणि जरा झिजलेलं डोकं असेल तर कोपरे सोलून काढतात. सहा कोनी गोटी बाजूंवर दाब देते. तोंड उघडं असलेला पाना आणि ॲडजस्टेबल पाना या कामाला नकोच. नुसती ॲलन की वाकते, म्हणून गोटीत बसवलेला ॲलन बिट घ्या. चौकोनी खड्ड्यात रॅचेट घालून थेट जोर लावू नका, रॅचेटचे दात तुटतात. एक्स्टेन्शन आणि टॉमी किंवा लांब दांडा वापरा. चौकोन सैल बसत असेल तर पातळ पत्र्याची पट्टी दुमडून फटीत घाला, म्हणजे कोपरे गोल होत नाहीत.

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या गिअरबॉक्सला १७ची ॲलन लागते. एवढी मोठी ॲलन घरी कुणाकडे नसते. पण जुन्या मापाच्या १० मिलिमीटर बोल्टचं षटकोनी डोकंही १७चंच असतं. तो बोल्ट उलटा धरून डोकं प्लगच्या खड्ड्यात बसवायचं, आट्यांवर दोन नट चढवून एकमेकांवर आवळायचे, आणि त्या नटांना पाना लावायचा. ज्या गाडीला मोठी ॲलन लागते तिथे ही सोय उपयोगी आहे. फक्त प्लग फारच घट्ट असेल तर दोन नट फिरतात, तेव्हा ते बोल्टला वेल्ड करून घ्या. कायमचं हत्यार तयार होतं.

जोर कसा लावायचा

आधी दिशा. प्लगच्या डोक्याकडे समोरून बघितलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण पाठीवर झोपून, मान वळवून, प्लग स्वतःच्या डोक्यामागे असताना ‘उलट’ कुठली हे भल्याभल्यांचं चुकतं. जाम प्लग चुकीच्या बाजूला आणखी आवळला जातो तो असाच. प्लगशेजारी केसिंगवर खडूने बाण काढून ठेवा.

मग गाडी गरम करा. १५-२० मिनिटं चालवून आणली की गिअरबॉक्स कोमट-गरम होतो. गरम ऑइल पातळ होऊन तळाच्या गाळासकट वाहून येतं, हा एक फायदा. दुसरा त्याहून महत्त्वाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. केसिंग ॲल्युमिनियमचं आणि प्लग पोलादी असेल तर उष्णतेने आट्यांची पकड जराशी सैल होते. बिडाच्या केसिंगमध्ये हा फरक जवळपास मिळत नाही. लांब प्रवासाहून आल्या-आल्या मात्र हात घालू नका. तेव्हाचं ऑइल भाजतं आणि सायलेन्सरचा पाइप शेजारीच असतो.

आता जोराचा हिशेब. अनेक गाड्यांत हा प्लग ३० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १६ किलो जोर लावला की साधारण ४० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे मूळ आवळणं एका हाताचं आहे. त्याच पान्यावर ३० किलो जोर दिला तर ७० पेक्षा थोडे जास्त. दांडा मीटरभर लांब केला तर त्याच ३० किलोंचे जवळजवळ ३०० होतात. लांब पाइप हे उत्तम साधन आहे, पण ते जोर वाढवायला नव्हे, कमी जोरात ताबा ठेवायला वापरा. पाइप घातल्यावर हळू, सलग दाब वाढवत न्या. हिसका देऊ नका. दुसऱ्या हाताने गोटी प्लगवर सरळ दाबून धरा. गोटी तिरकी झाली की कोपरा गेलाच. शक्य असेल तेव्हा दांडा स्वतःकडे ओढा. ढकलताना प्लग अचानक सुटला तर बोटांची पेरं चासीवर आपटतात.

सलग दाबाने हलला नाही तर दांड्यावर दाब कायम ठेवून गोटीच्या मागच्या बाजूवर दुसऱ्याला हातोडीने टोले मारायला सांगा. दाब आणि हादरा एकदम मिळाले की बरेच प्लग इथेच सुटतात. एक जुनी रीत अशीही आहे: आधी केसभर आवळायच्या दिशेने दाब द्या, मग सोडायच्या. चिकटलेला थर कुठल्याही दिशेने फुटला तरी चालतो. निमुळत्या प्लगला मात्र आवळायच्या दिशेने जवळजवळ काहीच जोर देऊ नका. तो पाचरीसारखा आणखी रुततो, आणि ॲल्युमिनियमचं केसिंग असेल तर त्याच्या तोंडाशी चीर जाते.

हाताला काय जाणवतंय त्याकडे पूर्ण लक्ष हवं. प्लग सुटतो तेव्हा ‘कट्ट’ असा कोरडा आवाज येतो, दांडा थोडा सरकतो आणि पुन्हा घट्ट लागतो. पुढच्या प्रत्येक दाबाला तसाच सरकत जातो. हे शुभलक्षण. कोपरे गोल होतात तेव्हा आवाज येत नाही. दांडा मऊ लागतो, लोण्यात फिरल्यासारखा सरकतो. तिथल्या तिथे थांबा. आणखी एक प्रयत्न म्हणजे पुढच्या मिस्त्रीचं काम दुप्पट.

टायरवाल्याकडची हवेची गन षटकोनी डोक्याच्या प्लगवर चांगली चालते. तिचे झपाट्याचे टोले हातोडीचंच काम करतात. पण ती सोडायलाच वापरा. तिने आवळलेला प्लग पुढच्या सर्व्हिसला पुन्हा याच लेखाची गरज पाडेल.

एवढ्यावरही नाही सुटला तर उष्णता वाढवता येते. हीट गनने प्लगला नव्हे, प्लगभोवतीच्या केसिंगला पाच-सात मिनिटं गरम करा. गॅसची ज्योत घरी वापरू नका. गाडीखाली इंधनाच्या नळ्या, रबरी बुटं, वायरिंग, ऑइल सील असतात. आणि तुम्ही थोड्या वेळापूर्वी मारलेला स्प्रे पेट घेतो. तो सगळा पुसून कोरडा केल्याशिवाय हीट गनसुद्धा लावू नका.

डोकं गोल झालं असेल तर

अजूनही वाट आहे. १९चं षटकोनी डोकं घासून गोल झालं असेल तर १८ची सहा कोनी गोटी हातोडीने त्यावर ठोकून बसवा. २४च्या डोक्याला १५/१६ इंचाची गोटी ठोकून बसते, कारण ती २३.८ मिलिमीटर भरते. गोटी स्वस्तातली, जुनी घ्या. ती नंतर व्हाइसमध्ये धरून प्लगमधून काढावी लागते. आत खड्डा असलेला ॲलन प्लग झिजला असेल तर किंचित मोठा चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स बिट त्यात ठोका. त्याचे दात झिजलेल्या भिंतीत नवी जागा करतात. डोकं पुरेसं बाहेर असेल तर पाइप पाना सगळ्यात भरवशाचा. जितका जोर वाढेल तितके त्याचे दात घट्ट चावतात.

छन्नीची रीत जुनी, पण हुकमी. डोक्याच्या कडेला छन्नीने आधी सरळ आत एक खोबण पाडा. मग छन्नी तिरकी करून त्या खोबणीत सुटायच्या दिशेने टोले मारा. डोळ्यावर चष्मा हवाच. केसिंगच्या तोंडावर छन्नी घसरू देऊ नका, कारण तिथे वायसर बसतं आणि त्यावर चरा पडला की गळती कायमची.

शेवटचा उपाय वेल्डिंगवाला. प्लगच्या डोक्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्ड मारला की पकडायला नवीन डोकं मिळतं, आणि वेल्डच्या उष्णतेने आटेही सैल होतात. या उपायाने न सुटलेले पोलादी प्लग क्वचितच. पण तीन गोष्टी वेल्डिंगवाल्याला तुम्ही स्वतः सांगा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच काम सुरू करायचं. अर्थिंगचा चिमटा गिअरबॉक्सलाच, प्लगच्या शेजारी लावायचा. तो चासीला किंवा चाकाला लावला तर करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्या गोळ्यांवर डाग पडतात. आणि भोवती सांडलेलं ऑइल, स्प्रे सगळं पुसून, हाताशी अग्निशामक ठेवूनच ठिणगी पाडायची.

ड्रिल मारून प्लग काढायचा विचार मनात आला तर आधी तो कुठला प्लग आहे ते बघा. तळाच्या प्लगचा कीस थोडं ऑइल ओतून बाहेर काढता येतो. बाजूच्या प्लगचा कीस गिअरवर पडतो. तिथे ड्रिल नको.

उलट तिथे एक वेगळा रस्ता आहे, तो फार कमी लोक वापरतात. वरचा प्लग काही केल्या सुटत नसेल, तर गिअरबॉक्समध्ये ऑइल घालायला तेवढं एकच भोक नसतं. अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स लाइटचा स्विच आट्यांनी बसवलेला असतो. तो काढून तिथून ऑइल भरता येतं. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरच्या केबलचा गिअर जिथे बसतो, ते भोक वापरता येतं. काही जीपना गिअर लिव्हरचं वरचं झाकण उघडून ओतता येतं. एवढंच की पातळी दाखवणारा प्लग बंद असल्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेलं माप अचूक मोजून ओतावं लागतं. आधी जुनं ऑइल किती निघालं ते मोजलं तर ताळा मिळतो. गळती असेल तर निघालेलं कमी भरेल, तेव्हा मॅन्युअलचा आकडाच प्रमाण.

सुटल्यावर

वरचा प्लग ढिला झाला की मग खालच्याकडे वळा. शेवटचे दोन-तीन आटे हाताने सोडताना प्लग आत दाबून धरा आणि सुटला की झटकन बाजूला घ्या. नाहीतर गरम ऑइल मनगटावरून थेट बाहीत.

निघालेलं ऑइल आणि प्लग दोन्ही उजेडात बघा. अनेक ड्रेन प्लगना टोकाला चुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ, ग्रीससारखा लेप दिसला तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर एखादा दात किंवा बेअरिंग गेलंय. ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर सिंक्रोनायझर रिंग झिजताहेत. ऑइल ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. गरम गिअरबॉक्स पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं. २६ जुलै २००५ची मुंबई, २०१९चं कोल्हापूर-सांगली, २०२१चं चिपळूण अशा पुरांत उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे घडतं, पण ओढा ओलांडतानाही घडू शकतं. पाणी शिरलेल्या गिअरबॉक्सचं ऑइल पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता बदलायचं. थोडं चालवून पुन्हा एकदा बदललं तर उत्तम.

नवीन ऑइल कुठलं? दुकानात ‘९० नंबर द्या’ म्हणून मागायची सवय आहे. तेवढ्याने भागत नाही. डब्यावर जीएल-४ की जीएल-५ ते वाचा. जीएल-५ मागच्या डिफरन्शियलसाठी ठीक, पण पितळी सिंक्रो रिंगा असलेल्या अनेक गिअरबॉक्सना कंपनी जीएल-४च सांगते. मॅन्युअल म्हणेल ते खरं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्टच वेगळी. त्याचं ऑइल वेगळं आणि अनेकांत पातळी ठरावीक तापमानाला बघावी लागते, ते घरी करू नका.

प्लग परत बसवताना पुढच्या वेळची काळजी आत्ताच घ्यायची. झिजलेल्या डोक्याचा प्लग पुन्हा लावू नका. नवीन प्लगची किंमत वेल्डिंगच्या मजुरीपुढे काहीच नाही. वायसर नवं हवं. तांब्याचं नवं मिळालंच नाही तर जुनं लालबुंद तापवून थंड केलं की पुन्हा मऊ होतं आणि चालतं. आटे ब्रशने साफ करा. पहिले तीन-चार आटे पान्याने नव्हे, बोटांनी बसवा. बोटांनी अडला तर तिरका चाललाय, काढून पुन्हा लावा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की टॅप मारून नवा आटा बसवण्यापर्यंत वेळ येते. कॉलरवाल्या प्लगला टॉर्क पाना लावून मॅन्युअलच्या आकड्यावर थांबा. टॉर्क पाना नसेल तर लहान पाना घ्या, एका हाताने आवळा, वायसर दबल्याचं जाणवलं की थोडंसं आणि बस. निमुळत्या प्लगच्या आट्यांना पातळ सीलंट लावा, पांढरी टेप शक्यतो नको. तिचे धागे सुटून ऑइलमध्ये जातात. प्लगची बाहेरची कड आणि ॲलनचा खड्डा मात्र ग्रीसने भरून टाका, म्हणजे पुढची दोन वर्षं तिथे चिखल बसणार नाही.

ऑइल भरायला दाबायची बाटली आणि पारदर्शक नळी पुरते. बॉनेट उघडून वरून फनेल लावता आलं तर काम आणखी सोपं. भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं की थांबा, धार तुटून थेंबावर येऊ द्या, मग प्लग लावा. जुनं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. नवीन ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून, जुनं ऑइल जमा करून पुनर्वापराला पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्या.

दोन-तीन दिवस गाडी चालवल्यावर खाली कोरडं फडकं फिरवून बघा. वायसरवाला प्लग पाझरत असेल तर आणखी आवळत बसू नका, वायसर बदला. निमुळता पाझरत असेल तर अगदी थोडासा फिरवा. आणि बॉनेटच्या आत किंवा सर्व्हिसच्या वहीत तारीख, किलोमीटर, दोन्ही प्लगच्या पान्यांची मापं आणि वायसरचं माप लिहून ठेवा.